गैरहजेरीची यादी कोणी वाचायची?

महाविद्यालयाचे सत्र सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की सूचनाफलकावर एक यादी लागते. ज्यांची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आहे अशा विद्यार्थ्यांची ही यादी. मुले आणि शिक्षक दोघेही तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. ती लागल्यावर पुढचे सगळे ठरलेले असते. मुले कार्यालयात जाऊन हमीपत्र लिहून देतात, कोणाच्या घरी पत्र जाते, कोणाच्या वडिलांना बोलावून घेतले जाते, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत येईपर्यंत प्रकरण मिटलेले असते. ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी वेगळा विचार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की एखादा विद्यार्थी अडचणीत सापडला आहे हे सांगणारा महाविद्यालयाच्या हातातला पहिला लेखी पुरावा म्हणजे ही यादी होय. परंतु ती शिस्तीच्या खात्यात जमा होत असल्यामुळे तिच्यातला नेमका तेवढाच मजकूर वाचायचा राहून जातो.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी नोंदवले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांतले 1,764 विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. त्याआधीच्या वर्षीही 1,834 मृत्यूंसह महाराष्ट्रच पहिला होता. या आकड्यांत शाळकरी मुलेही येतात आणि आपल्या राज्यातली विद्यार्थिसंख्या मुळातच मोठी आहे, हे मान्य करूनही त्यांकडे पाठ फिरवता येत नाही. शिवाय जे मरणापर्यंत पोचत नाहीत त्यांची मोजदाद कुठल्याच अहवालात होत नाही. दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडून गावी परतलेला, लागोपाठ विषय मागे राहिल्यामुळे पदवी अर्धवट टाकलेला, दारूच्या किंवा मोबाइलवरच्या जुगाराच्या नादी लागलेला मुलगा, किंवा ‘हिचं शिक्षणात लक्ष नाही’ असे म्हणून जिचे लग्न उरकण्यात आले अशी मुलगी, यांची नोंद महाविद्यालयाच्या दप्तरात ‘प्रवेश रद्द’ या दोन शब्दांपलीकडे जात नाही.

विद्यार्थी अडचणीत आहे हे ओळखायचे कसे, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा लक्षणांची यादी दिली जाते: झोप उडणे, भूक मंदावणे, एकटे राहणे, चिडचिड, अभ्यासावरून मन उडणे. या गोष्टी खऱ्या आहेत, परंतु एकच वागणे दोन मुलांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी सांगते. मुळातच अबोल असलेला मुलगा मागच्या बाकावर गप्प बसला तर त्यात काळजीचे काही असेलच असे नाही. पण जो कालपर्यंत स्नेहसंमेलनाच्या तयारीत पुढे होता, ज्याच्याभोवती कॅन्टीनमध्ये चार मुले असायची, तो महिनाभर कोणाशी बोलेनासा झाला तर त्या गप्प बसण्याला अर्थ आहे. पाहायचा असतो तो बदल, आणि तो त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी ताडून पाहायचा असतो. मन दोन-चार दिवस उदास राहणे हे या वयात स्वाभाविक आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागले तर तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आली असे डॉक्टर मानतात. नेटके लिहिलेले जर्नल एकाएकी कोरे राहू लागणे, रोज इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या मुलाचे कपडे मळकट दिसू लागणे, खानावळीचा डबा न उघडता परत जाणे, मध्यरात्रीनंतर खोलीतला दिवा रोज जळत राहणे, जपून ठेवलेल्या वस्तू मित्रांना देऊन टाकणे, ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास आहे’ किंवा ‘आता काही उपयोग नाही’ अशी वाक्ये सहज बोलल्यासारखी वरचेवर तोंडी येणे, या गोष्टींकडे म्हणूनच लक्ष द्यावे लागते. यांतल्या शेवटच्या दोन दिसल्या तर थांबून पाहण्यात वेळ घालवू नये.

आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या तक्रारीतून बाहेर येते, हेही शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे. पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, परीक्षेच्या सकाळी उलटी, वर्गात चक्कर येऊन पडणे, अशा तक्रारी घेऊन मुले डॉक्टरकडे जातात आणि गोळ्या घेऊन परततात. या तक्रारी खोट्या नसतात. त्या खरोखरच होत असतात, आणि म्हणून ‘नाटक करतेय’ हा शेरा दुहेरी अन्याय करतो. मुलग्यांच्या बाबतीत तर दुःख बहुधा रागाचे रूप घेते. रडणे बाप्याला शोभत नाही असे लहानपणापासून ऐकत आलेला मुलगा शिपायाशी भांडतो, शिक्षकाला उलट बोलतो, गाडी बेदरकार चालवतो, आणि ‘माजलाय’ हा एकच शब्द त्याच्या वाट्याला येतो. उद्धटपणाचे प्रत्येक प्रकरण दुःखाचे असते असा माझा दावा नाही. पण ज्याने आजवर कधी उलट उत्तर दिले नव्हते त्याने ते पहिल्यांदा दिले, तर शिक्षेच्या आधी विचारपूस झाली पाहिजे.

साताऱ्यातल्या महाविद्यालयांत बसणाऱ्या मुलामुलींचे जगणे पाहिले तर अडचणी कुठून येतात हे बरेचसे कळते. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला मुलगा गोडोलीत किंवा करंज्यात कॉट बेसिसवर राहतो. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतली मुलगी पहाटेच्या एसटीने येते आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास सोडते. तिची हजेरी कमी भरते याचे कारण वेळापत्रकात आहे, तिच्या मनात नाही. पण वर्षभर तिला ‘डिफॉल्टर’ म्हटले गेले तर ते मनातही उतरते. बारावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेली मुले पदवीच्या पहिल्या वर्षात एकदम इंग्रजीच्या प्रवाहात पडतात आणि आपण ‘ढ’ आहोत असा निष्कर्ष पहिल्याच सत्रात काढून मोकळी होतात. कोणी रात्रपाळीला एमआयडीसीत जातो आणि सकाळच्या तासाला डुलक्या घेतो. कोणाची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संकेतस्थळावर कागदपत्रांच्या त्रुटीत अडकते, आणि फी भरलेली नाही म्हणून कार्यालयाच्या खिडकीवर रांगेत सगळ्यांसमोर त्याचे नाव पुकारले जाते. माझ्या मते हा पुकारा थांबवणे ही कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा आधी करायची गोष्ट आहे.

आणि भरती! या जिल्ह्यात लष्कराची परंपरा घराघरांत आहे. अपशिंग्याला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. त्यामुळे महाविद्यालयाच्या पटावर नाव असलेले कितीतरी मुलगे प्रत्यक्षात पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी पहाटे मैदानावर धावत असतात. सोळाशे मीटरमध्ये काही सेकंदांनी मागे पडणे, छाती अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरणे, वयोमर्यादा उलटून जाणे, हे त्यांच्यासाठी नापास होण्याहून मोठे असते, कारण गावात सगळ्यांना ठाऊक असते की पोरगा भरतीला गेला होता. महाविद्यालयाला या परीक्षेची तारीख माहीत नसते आणि निकालही माहीत नसतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांची अवस्था याहूनही एकाकी आहे. पदवी झालेली असल्यामुळे ती कोणाच्याच हजेरीपटावर नाहीत, आणि दर महिन्याचे पैसे घेणाऱ्या अभ्यासिका-चालकाखेरीज त्यांच्या येण्या-न येण्याची नोंद ठेवणारे शहरात कोणी नाही.

बदल ओळखायचा असेल तर आधी ओळख असावी लागते, आणि इथेच आपली व्यवस्था कच्ची आहे. नॅक या महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयांना मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण दाखवावे लागते. त्यासाठी ‘पालक शिक्षक’ नेमले जातात, नोंदवह्या ठेवल्या जातात, सह्या घेतल्या जातात. योजना चांगली आहे. परंतु एका शिक्षकाकडे पन्नास-साठ नावे, त्यातच तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची मोठी संख्या, ज्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसते, अशा स्थितीत त्या नोंदवहीत ‘विद्यार्थ्याशी चर्चा केली’ यापलीकडे काही उतरेल अशी अपेक्षा धरणे अवघड आहे. ज्याची स्वतःची नोकरी अधांतरी आहे त्याच्यावर दुसऱ्याच्या मनाची जबाबदारी विनामोबदला टाकणे मला योग्य वाटत नाही. विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आणि शिक्षकांच्या रिक्त जागा हे दोन वेगळे विषय नाहीत, हे शासनाला स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

त्याच वेळी, रोज पाहणारे लोक केवळ शिक्षक नसतात हेही आपण विसरतो. प्रयोगशाळेतला परिचर, ग्रंथालयातला देवघेवीच्या टेबलावरचा कर्मचारी, वसतिगृहाच्या रेक्टर, मेस चालवणाऱ्या मावशी, झेरॉक्सच्या दुकानातला दादा, यांना कोणता मुलगा कसा आहे हे पुष्कळदा प्राध्यापकांच्या आधी कळते. ‘ती पोरगी आठ दिवस झाले नुसता चहा घेऊन जातेय’ हे वाक्य मेसमधल्या मावशी आपापसात बोलतात. ते वर पोचवण्याची वाट मात्र नसते, आणि पोचवले तर ‘तुम्ही तुमचे काम बघा’ असे ऐकावे लागेल ही भीती असते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात हे लिहिताना मला त्यांच्या कामातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले, आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. या इतिहासाचा उल्लेख होतो तेव्हा जातिभेद मोडून एका पंगतीत जेवणारी मुले आणि ‘कमवा आणि शिका’ यांविषयी बोलले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण त्या वसतिगृहात मुलांच्या पोटाला अन्न मिळावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, दिले. ज्या घरात पोरांच्या जेवणाची इतकी काळजी वाहिली जाते तिथे कोणते पोर जेवले नाही हे लक्षात येण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. हजारोंच्या पटसंख्येत तसे कुटुंब उभे करता येणार नाही, हे उघड आहे. तरीही ‘कमवा आणि शिका’ योजनेत जिथे विद्यार्थी आजही बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात कोणाबरोबर तरी हाताने काम करतात, तिथे त्या दोघांत जी ओळख होते ती साठ जणांच्या व्याख्यानात होत नाही. लहान गट, समान काम आणि रोजची भेट, एवढ्या तीन गोष्टींवर आज पालक-शिक्षक योजना नव्याने उभी करता येईल.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे: शिक्षक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. तो निदान करणार नाही, करूही नये. ‘तुला डिप्रेशन आहे’ असे शिक्षकाने म्हणणे हे ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणण्याइतकेच चुकीचे आहे. त्याचे काम लक्षात घेणे, विचारणे आणि योग्य ठिकाणी पोचवणे एवढेच आहे. पण हे ‘एवढेच’ आज होत नाही. विचारायचे ते चार लोकांत नव्हे, आणि जे दिसले तेच बोलून विचारायचे: ‘गेले काही दिवस तू प्रॅक्टिकलला दिसत नाहीस, आलास तरी गप्प असतोस, काही अडचण आहे का?’ पहिल्या वेळी उत्तर ‘काही नाही, सर’ असेच येईल. आठवड्याने पुन्हा विचारायचे. मूल बोलू लागले की मध्येच उपदेश करायचा नाही, ‘आमच्या वेळी तर’ हे वाक्य उच्चारायचे नाही, आणि सोडवता येत नसलेला प्रश्न सोडवण्याचे आश्वासनही द्यायचे नाही. बोलण्यात मरणाची भाषा आली तर थेट विचारायचे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल अशी भीती बहुतेकांना वाटते. ती निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. कोणीतरी स्पष्ट विचारले याचा त्या व्यक्तीला आधारच वाटतो. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत सोबत जायचे.

घरी कळवायचे की नाही, हा याहून अवघड प्रश्न आहे. आपल्या महाविद्यालयांची पहिली प्रतिक्रिया वडिलांना फोन करण्याची असते. कितीतरी घरांत तो फोन आधार घेऊन येतो. परंतु जिथे अडचणीचे मूळच घरात आहे, जिथे मुलीचे प्रेमप्रकरण किंवा मुलाचे मागे राहिलेले विषय घरी माहीत नाहीत, जिथे फोननंतर मारहाण होईल, शिक्षण बंद होईल किंवा देवऋषीकडे नेले जाईल, तिथे तोच फोन धोका वाढवतो. अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले कायद्याने सज्ञान आहेत. जिवाला धोका नसेल तर काय कळवायचे आणि कोणाला कळवायचे हे त्या विद्यार्थ्याबरोबर बसून ठरवावे. पुष्कळदा वडिलांऐवजी मामा किंवा थोरली बहीण हे योग्य माणूस असते. जिवाला धोका असेल तर मात्र गुपित पाळण्याचे वचन देऊ नये, आणि ही मर्यादा संभाषणाच्या सुरुवातीलाच सांगावी. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने अनेक प्रकार दडपले जातात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे प्रत्येक प्राचार्यांना माहीत असायला हवे.

सगळ्याच अडचणी ताणाच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार बहुधा याच वयात, विशी-पंचविशीच्या आसपास, सुरू होतात. मित्र आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे, एकट्यानेच पुटपुटणे, अंघोळ-जेवणाची शुद्ध न राहणे, अशा वेळी गप्पा आणि धीर पुरत नाही; औषधोपचार लागतो, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका गुण चांगला येतो. वसतिगृहातून ‘वेड्यासारखं वागतो’ म्हणून घरी पाठवून दिलेल्या मुलाचे उपचाराविना गेलेले महिने पुढे फार महाग पडतात.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात या विषयावर पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, ही त्यांतली सर्वांत चर्चिली गेलेली सूचना. माझ्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाची सूचना दुसरी आहे: शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे. ‘शिक्षकेतर’ हा शब्द तिथे आहे, आणि तो गांभीर्याने घेतला तर मेसमधल्या मावशींच्या निरीक्षणाला पहिल्यांदाच जागा मिळेल. समुपदेशकाच्या खोलीबाहेर पाटी लावून सूचनेचे पालन झाले असे दाखवणे सोपे आहे. परंतु त्या खोलीपर्यंत मूल आपणहून चालत जात नाही, त्याला कोणीतरी न्यावे लागते. साताऱ्यात हे प्रशिक्षण देण्यासाठी बाहेरून माणसे आणावी लागणार नाहीत. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम अनेक वर्षे करणारी ‘परिवर्तन’ ही संस्था शहरात आहे, सामान्य माणसाला भावनिक प्रथमोपचार शिकवणारी ‘मानसमित्र’ ही कल्पना इथल्या कार्यकर्त्यांना परकी नाही, क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. तो विद्यार्थ्यांच्या ओळखपत्राच्या मागे छापण्याला फारसा खर्च येत नाही.

‘अशाने पोरे नाजूक होतील’ असे म्हणणारे सहकारी भेटतात. त्यांच्या म्हणण्यामागे स्वतःच्या कष्टांचा अभिमान असतो आणि तो मी समजू शकतो. पण ज्यांनी हालअपेष्टांत शिक्षण पुरे केले त्यांच्याच कहाण्या नीट ऐकल्या, तर प्रत्येकीत कोणीतरी फी भरलेली असते, कोणीतरी जेवायला घातलेले असते, कोणीतरी वेळेवर पाठीवर हात ठेवलेला असतो. जे मध्येच गळाले त्यांच्या कहाण्या सांगायला समारंभात कोणी येत नाही, म्हणून कष्टाने सगळे निभते असा समज टिकून राहतो. मुदत वाढवून देणे, एका सत्राची सवलत देणे, आजारपणानंतर सन्मानाने परत घेणे यांमुळे गुणवत्ता घसरत नाही. पदवीची परीक्षा त्या मुलालाही तीच द्यावी लागते.

म्हणून या वर्षीची यादी फलकावर लावण्याआधी ती विभागाच्या बैठकीत वाचली जावी, असा माझा आग्रह आहे. बैठकीला रेक्टर, ग्रंथालयाचा एक कर्मचारी, प्रयोगशाळा परिचर आणि शिष्यवृत्तीचे काम पाहणारा लिपिक यांनाही बोलवावे. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: हा मुलगा किंवा ही मुलगी गेल्या महिन्यात शेवटची कोणाशी बोलली? ज्या नावापुढे उत्तर मिळणार नाही त्या नावाची जबाबदारी उपस्थितांपैकी एकाने घ्यावी आणि आठ दिवसांत प्रत्यक्ष भेटून यावे, मग ती भेट एसटी स्टँडवर असो, खोलीवर असो की मैदानावर. दंड आणि हमीपत्र त्यानंतर, आणि भेटीत जे कळले ते पाहून. दिवाळीच्या सुट्टीला मुले गावी जाण्यापूर्वी ही बैठक पुन्हा एकदा घ्यावी, कारण सत्रपरीक्षेचे निकाल हातात घेऊन काही जण त्याच सुट्टीत परत न येण्याचा निर्णय घेतात.